सकाळच्या फेरीत काय ऐकायचं, कुठे थांबायचं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये आणि मेलमध्ये सकाळच्या फिरण्याबद्दलचे प्रश्न इतके आहेत की कुंडीतल्या मिलीबगचे आणि गांडूळखताचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतेय, रागावू नका. होळी ते वळवाचा पाऊस हा काळ बागेत जायला सगळ्यात भारी असतो. थंडीतले पाहुणे पक्षी अजून पूर्ण गेलेले नसतात, इथल्यांची गाणी आणि घरटी सुरू झालेली असतात, एका झाडाची पानं गळतायत आणि शेजारच्याला नवी पालवी फुटतेय असं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. त्यामुळे हा अंक त्यालाच देऊन टाकूया.

प्रश्न (पुणे) : ताई, मी आयटीत आहे, वय ३४. शुगर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हापासून रोज साडेसातला जवळच्या बागेत जातो. आत्तापर्यंत कानात पॉडकास्ट असायचा, आता इयरफोन घरी ठेवतो, पण नुसता कलकलाट ऐकू येतो, कोण ओरडतंय कळत नाही आणि झाडात बघितलं तर पानंच दिसतात. सुरुवात कुठून करू? दुर्बीण घ्यायची का?

उत्तर : इयरफोन घरी ठेवता हे फार चांगलं करताय. दुर्बिणीची घाई नको, पहिले दोन-तीन महिने कानच पुरतात. फक्त दोन बदल करा. एक म्हणजे साडेसात उशीर झाला. पक्ष्यांच्या गाण्याचा खरा जोर उजाडायच्या जरा आधीपासून सूर्य वर येईपर्यंत असतो, पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्योदय साधारण पावणेसातला आणि एप्रिल संपता संपता सव्वासहाच्याही आत, म्हणजे त्या हिशोबाने निघा. त्या वेळी किडे शोधण्याइतका उजेड नसतो, वारा पडलेला असतो, रस्त्यावर गाड्या कमी असतात म्हणून आवाज लांब जातो, आणि नराला आजूबाजूच्यांना सांगायचं असतं की रात्र निभावली, मी इथेच आहे, ही हद्द माझी. साडेसातपर्यंत सगळे खाण्याच्या मागे लागलेले असतात.

दुसरा बदल, तुम्ही बहुतेक आधी राउंड मारून शेवटी बाकावर टेकत असाल, ते उलटं करा. आधी थांबा, मग चाला. गेटमधून आत गेलात की एक जागा ठरवा, रोज तीच, आणि दहा मिनिटं उभं राहा, मोबाइल खिशात. शुगरसाठीचं भरभर चालणं त्यानंतर, त्यात कसूर करायची नाही.

आता आवाज. सगळे एकदम ओळखायला जाऊ नका, चारच घ्या. पहिला दयाळ. सगळ्यात आधी, अजून अंधार असतानाच सुरू होतो आणि नेहमी उंच जागी बसतो, अँटेना, दिव्याचा खांब, वाळकी फांदी. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेली. त्याची शीळ गोड असते आणि तो ती बदलत राहतो, एक ओळ म्हणतो, थांबतो, मग दुसरीच म्हणतो. लांबून दुसऱ्या दयाळाचं उत्तर येतंय का तेही ऐका, बहुतेक येतंच. हे गाणं साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, नंतर तोच पक्षी तिथेच असतो पण नुसती चर्रर करतो, म्हणून ऐकायचा तर आत्ताच.

दुसरा तांबट. टुक टुक टुक टुक, एकाच लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. तुम्हाला वाटेल आवाज इकडून येतोय, मग वाटेल तिकडून, कारण तो डोकं वळवत वळवत ओरडतो. चिमणीपेक्षा जरासाच मोठा, हिरवागार, कपाळावर लाल ठिपका. दुर्बीण आली की त्याचा गळा बघा, प्रत्येक टुकला फुगतो आणि चोच मात्र मिटलेलीच असते. सकाळच्या पहिल्या उन्हात तो निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर ऊन खात बसतो, म्हणून हिरव्या झाडात शोधण्यापेक्षा वाळक्या शेंड्यांवरून नजर फिरवा.

तिसरा भारद्वाज, दाट झुडपातून खोल घुमणारा उप-उप-उप. हा उडण्यापेक्षा जमिनीवर चालतानाच जास्त दिसतो, तपकिरी पंख, लाल डोळे. आणि चौथा शिंपी, कुंपणाच्या मेंदीत-कोरांटीत असतो, अंगठ्याएवढा जीव आणि आवाज एवढा खणखणीत की नवीन माणूस मोठा पक्षी शोधत बसतो. हे चार कानात बसले की उरलेल्या कलकलाटातून साळुंक्या, बुलबुल, सातभाई आपोआप वेगळे व्हायला लागतात, घाई करू नका.

दिसत नाही म्हणता, तर फुललेलं झाड गाठा. बागेत किंवा रस्त्याला काटेसावर असेल तर अजून थोडी फुलं असतील तिच्यावर. पानं एक नाही, नुसती लाल जाड पाकळ्यांची फुलं आणि तळाशी भरपूर मध, त्यामुळे कावळे, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी सगळे एकाच झाडावर, आणि पानंच नसल्यामुळे कुणी लपू शकत नाही. एका फुलाकडे टक लावून बघा. साळुंकी अख्खं डोकं आत घालते आणि बाहेर काढते तेव्हा कपाळ परागांनी माखलेलं असतं, मग ती पुढच्या फुलावर जाते, झाडाचं काम झालं. सावरीनंतर पांगारा, आणि वर्षभर कधीही उंबर-पिंपळ-वड पिकलेले असतील तर तिथे. पुण्यात अशा झाडांवर राखी धनेशही येतात, मोठी वाकडी चोच, उडताना आधी पंखांची फडफड आणि मग तरंगणं. मार्च-एप्रिलपासून एकटाच नर फळं घेऊन एकाच ढोलीकडे जाताना दिसला तर समजा मादीने आतून ढोली लिंपून घेतलीय आणि तो फटीतून तिला भरवतोय. ढोलीखाली गर्दी मात्र करू नका.

दुर्बीण घ्यालच तेव्हा ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा भिंगाचा मिलिमीटरमध्ये. १० पटीची घेतली की हात हलला तरी चित्र थरथरतं, नवीन माणसाला ८ चीच सोयीची.

प्रश्न (डोंबिवली) : वय वर्षं ७१. निवृत्तीनंतर रोज पहाटे तलावाकाठच्या बागेत जातो. पूर्वी बारीक बारीक पक्ष्यांची किती चिवचिव असायची, आता फक्त कावळे, कोकीळ आणि भारद्वाज. नात म्हणते आजोबा खूप आवाज येतायत, पण मला वाटतं ती माझं मन राखायला म्हणते. पक्षी खरंच संपत चाललेत का?

उत्तर : काका, तुमच्या पत्रातल्या यादीनेच मला थांबवलं. कावळा, कोकीळ, भारद्वाज हे तिघंही ठळक आवाजाचे, भारद्वाजाचा तर अगदी खोल. जे गेलेत असं तुम्ही म्हणता ते सगळे बारीक, उंच पट्टीतले. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही, उंच पट्टी आधी जाते आणि ती इतकी हळूहळू जाते की माणसाला बहिरेपण जाणवतच नाही, बोलणं नीट कळतं, टीव्ही ऐकू येतो, फक्त फुलटोच्याची टिकटिक आणि शिंजीराची चिवचिव जगातून निघून गेल्यासारखी होते. नात खरं सांगत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढून घ्या, त्रासाचं काही नाही, हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. कानाचं मशीन लागलंच तर तिथल्या ऑडिओलॉजिस्टना (ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांना) स्पष्ट सांगा की मला पक्षी ऐकायचेत. मशीन मुख्यतः बोलणं कळावं म्हणून सेट करतात, पक्ष्यांसाठी वेगळं सेटिंग जमेल का ते विचारायचं.

आणि पक्षी कमी झालेत की नाही? काही झालेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. गवताळ माळावरच्या पक्ष्यांचे हाल आहेत, शहरात चिमण्यांना घरट्याच्या जागा राहिल्या नाहीत, २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस तर आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून सुरू झाला. पण झाडं-झुडपं टिकलेल्या बागेतून शिंपी आणि शिंजीर दोघंही एकदम नाहीसे होणं अवघड आहे. तोवर एक करा, नातीला बरोबर घ्या आणि ती म्हणेल त्या दिशेला बघा. शिंजीर ऐकू नाही आला तरी जास्वंदीवर लोंबकळताना दिसेल, उन्हात नराचा जांभळा रंग असा चमकतो की आवाजाची उणीव थोडी तरी भरून निघेल. तिलाही तुमच्याकडून झाडांची नावं कळतील.

प्रश्न (सांगली) : मावशी, मी आठवीत आहे. पप्पांबरोबर सकाळी बागेत जातो. तिथे कोकीळ ओरडतो त्याच झाडावर एक तपकिरी ठिपक्या-ठिपक्यांचा पक्षी असतो आणि कावळे त्याला पळवून लावतात. तो शिकारी पक्षी आहे का? आमचे सर म्हणाले शोधून काढ.

उत्तर : शाब्बास, एवढं नीट बघणारी माणसं कमी असतात. तो शिकारी नाही, ती कोकिळा आहे, म्हणजे मादी. नर काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, आणि कुहू-कुहू करून आवाज चढवत नेणारा तोच. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, आणि ती गात नाही, घाबरली किंवा पळताना किक-किक-किक करते. पुढच्या वेळी कावळे मागे लागले की हाच आवाज येतो का ते ऐक.

कावळे चिडतात त्याला कारण आहे, ती स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. कावळ्याचं लक्ष नसेल त्या थोड्या वेळात काम उरकायचं असतं, म्हणून बऱ्याचदा नर समोर येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे जातात आणि ती गुपचूप आत शिरते. पिल्लू बाहेर आलं की कावळे त्यालाही भरवतात. मे-जून-जुलैत तुझ्या बागेत कावळा एखाद्या भलत्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला तर मला जरूर लिहून पाठव.

सरांना दाखवायला एक वही कर. त्यात तारीख, वेळ, झाड आणि काय ऐकलं एवढंच लिही. यंदा कोकीळ पहिल्यांदा कधी ऐकलास ते पप्पांना आठवत असेल तर तेही लिही, पुढच्या वर्षी ताडून बघायला मजा येते. आणि मेच्या शेवटाकडे पावशा ऐकू येईल, आपल्याकडचे शेतकरी त्याच्या आवाजात "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकतात. तोही कोकिळेच्याच कुळातला आणि तो अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. दोघांना त्या वहीत शेजारी शेजारी पान दे.

प्रश्न (नागपूर) : आमच्या भागातल्या बागेत पिंपळ, पळस, शिवण बरीच जुनी झाडं आहेत. फेब्रुवारीपासून पानं गळतायत, काही तर बोडकी झाली. पाणी कमी पडतंय का? आणि माळी रोज सकाळी पानांचे ढीग करून पेटवतात, आम्ही प्राणायाम करतो तिथेच धूर येतो. सांगितलं तर म्हणतात कचरा आहे, ठेवणार कुठे.

उत्तर : झाडं ठणठणीत आहेत, काळजी सोडा. आपल्याकडची पानझडी झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात कारण पानांवाटे पाणी उडून जातं आणि पाऊस अजून लांब असतो. आश्चर्य त्याच्या पुढचं आहे. विदर्भात ऊन तापायला लागतं, जमीन भेगाळते आणि नेमक्या त्याच दिवसांत पळस लाल-केशरी फुलतो आणि पिंपळाला पालवी फुटते, पावसाची वाट न बघता.

ती पालवी जवळ जाऊन बघा, उद्याच बघा कारण आठवडाभरात रंग बदलतो. पिंपळाचं नवं पान तांबूस-गुलाबी असतं, इतकं पातळ की मागून ऊन आलं की शिरा मोजता येतात, आणि ते ताठ नसतं, देठापासून खाली लोंबतं. लांब टोक असतं त्याला, ते सगळ्यात शेवटी हिरवं होतं का हे तुम्हीच रोज बघून मला कळवा. ही लाली अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची, हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून संरक्षण होतं असं मानतात. कुसुंब असेल तर त्याचा लाल रंग अजून गडद, लांबून लोकांना फुलंच वाटतात. सकाळी ऊन तिरपं असताना अशा झाडाच्या पश्चिमेला उभं राहायचं, म्हणजे सूर्य झाडामागे येतो आणि अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं. नऊनंतर तेच झाड साधं दिसेल.

आता धुराचं. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांत मनाई केलेली आहे आणि वाळकी पानं हा तर कचराच नाही. झाडाने जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत द्यायचं त्याचं ते साधन आहे. त्या पानांखाली किडे, गांडुळं, गोम, पालींची पिल्लं असतात, सातभाई सकाळी टोळीने येऊन पानं उलटीपालटी करत तेच खातात. पानं जाळली की सातभाई जातात, मग लोक म्हणतात पक्षी कमी झाले.

माळ्यांशी भांडू नका, त्यांना वरून जागा स्वच्छ दिसली पाहिजे एवढंच सांगितलेलं असतं. तुम्ही प्राणायाम करणारे सगळे मिळून बागेच्या अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या की एका कोपऱ्यात विटांचा हौद किंवा जाळीचा गोल पिंजरा करू द्या. पानं टाकायची, अधूनमधून शेणाचं पाणी शिंपडायचं, ओल टिकवायची, पाऊस संपेपर्यंत चांगलं काळं खत तयार. राहिलेली पानं सरळ आळ्यात पसरा, नागपूरच्या उन्हात मुळांना तेवढंच पांघरूण. पुण्यात ब्राऊन लीफ म्हणून उपक्रम आहे, त्यात ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत ते बाग करणाऱ्यांना देतात, आणि घेणारे अक्षरशः पोती भरभरून नेतात. नागपुरात गच्चीवर भाजी लावणारे खूप आहेत, एकदा ग्रुपवर टाकून बघा, तुमचे ढीग उरायचे नाहीत.

प्रश्न (नाशिक) : ताई, माझ्या आईची दृष्टी काचबिंदूमुळे जवळजवळ गेली आहे. आधी ती रोज फिरायला जायची, झाडांची फार हौस. आता म्हणते दिसत नाही तर जाऊन काय करू. मी तिला सकाळी घेऊन जाते पण चालताना काय बोलावं ते मला सुचत नाही, सारखं "समोर हे आहे, तिकडे ते आहे" असं सांगितलं की ती गप्प होते. काही सुचवाल का?

उत्तर : तुमचं पत्र मी परत परत वाचलं. "समोर हे आहे" म्हटलं की त्यांना जे दिसत नाही तेच तुम्ही मोजून दाखवताय असं होत असेल, म्हणून आई गप्प होत असतील. काही दिवस वर्णन बंदच करून बघा. तुम्ही विचारा, आईंनी सांगायचं. "आई, हा कुठून ओरडतोय गं?" म्हटलं की त्या बोट दाखवतील आणि ते बोट बहुतेक तुमच्या अंदाजापेक्षा बरोबर असेल.

रोज एकच रस्ता आणि एकच बाक ठेवा. दयाळ, शिंपी, तांबट यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, एकच दयाळ रोज त्याच खांबावरून गातो. आठ-पंधरा दिवसांत आईंच्या डोक्यात बागेचा नकाशा तयार होईल, डावीकडे दयाळ, मागच्या कुंपणात शिंपी, लांब तलावाकडे पाणकोंबडी. मग एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही की त्याच तुम्हाला सांगतील. दिशा सांगायची झाली तर घड्याळाच्या भाषेत सांगा, समोर बारा, उजवीकडे तीन, "आई, दोनच्या दिशेला उंच" एवढं पुरतं.

झाडंसुद्धा ऐकू येतात. पिंपळाचं देठ लांब आणि बारीक असतं, म्हणून आपल्याला वारा जाणवतही नाही तेव्हा त्याची सळसळ चालू असते. बांबूच्या बेटाची करकर वेगळी, अशोकाची वेगळी, नारळाच्या झावळ्यांची तर पाऊस आल्यासारखी. गुलमोहराची जुनी वाळकी शेंग हातात देऊन हलवायला सांगा, खुळखुळा होतो. खोडांवर हात ठेवू द्या, पेरूचं गुळगुळीत आणि गार, कडुनिंबाचं भेगाळलेलं, काटेसावर कोवळी असेल तर तिच्या खोडावरचे शंकूसारखे काटे, पण तिथे हात तुम्ही धरून न्या.

आणि वास. हे दिवस त्याचेच आहेत. आंब्याचा मोहर संपत येतोय, कडुनिंब फुलायला लागलाय, करंजाखाली बारीक फुलांचा सडा पडतो. बकुळीचं झाड असेल तर सकाळी लवकर त्याच्याखाली थांबा आणि खाली बसता येत असेल तर आईंनाच फुलं वेचू द्या. चांदणीसारखी बारीक फुलं असतात, बोटांना बरोबर सापडतात, आणि वाळली तरी वास राहतो म्हणून ती घरी नेऊन कपाटात ठेवता येतात. झाडांची हौस असलेल्या बाईला झाडाखाली काहीतरी करायला मिळालं पाहिजे हो, नुसतं फिरवून आणलं तर तिला ते फिरणं वाटतच नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही त्यांचा हात धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहा. पायरी, उतार, सुटलेली फरशी तुमच्या अंगाच्या हालचालीतूनच त्यांना कळते. आणि जमलं तर हिरवळीच्या कोरड्या, मोकळ्या पट्ट्यावर थोडं अनवाणी चालू द्या, आधी तुम्ही बघून घ्या.

प्रश्न (मुलुंड) : पक्ष्यांचा आवाज ओळखणारी मोबाइल ॲप खरी असतात का? आणि त्यातले आवाज वाजवून पक्षी बोलावता येतो असं ऐकलं.

उत्तर : मर्लिन नावाचं अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाचं ॲप फुकट आहे, आपल्याकडच्या पक्ष्यांचे आवाजही त्यात ओळखता येतात आणि शिकायला उपयोगी आहे. पण त्याने दाखवलेलं नाव हा अंदाज समजा, मागे गाड्या आणि लाफ्टर क्लब असेल तर ते चुकतं, डोळ्यांनी खात्री झाली तरच वहीत लिहा. आवाज वाजवून बोलावणं मात्र अजिबात करू नका, विशेषतः आत्ता. नराला वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसला, तो गाणं आणि पिल्लांना भरवणं सोडून तुमच्या मोबाइलवर धावून येतो, आणि बागेत तुमच्यासारखे रोज दहा जण आले तर त्याचा सगळा दिवस त्यातच जातो.

प्रश्न (पुणे) : मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला जातेय. सकाळच्या फिरण्याची इतकी सवय आहे, तिथे परक्या ठिकाणी काय करू?

उत्तर : काकू, तुम्ही अगदी बरोबर महिन्यात जाताय. मे महिन्यात तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य उगवतो आणि पक्षी त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू करतात, बाळाने रात्री जागवलं तर खिडकी उघडून ऐकत बसा. मेचा पहिला रविवार तर जगभर पहाटेच्या पक्षिगानाचा दिवस म्हणून पाळतात. तिकडचा ब्लॅकबर्ड ओळखायला सोपा, नर काळा आणि चोच पिवळीधमक, छपराच्या टोकावर बसून संथ, भरदार शीळ घालतो. दयाळाची सवय असलेल्या कानाला तो लगेच आपला वाटतो. रॉबिन छोटा, छाती नारिंगी, आणि रस्त्यावरच्या दिव्यांमुळे रात्रीसुद्धा गातो. हवा गार असते, स्वेटर आणि कानटोपी न्या, पण कान झाकून बसू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये परत आलात तर बागेतला दयाळ गप्प झालेला असेल. तेव्हा एखाद्या पावसाळी सकाळी कुणाबरोबर तरी घाटात, ओढ्याकाठी जा. आपला शीळकरी कस्तूर पावसातच गातो आणि त्याची शीळ कुणी माणूसच रस्त्याने मजेत घालत चाललाय असं वाटतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमचा ग्रुप रोज फिरायला जाताना बागेच्या कोपऱ्यात ज्वारी-बाजरी टाकतो, शेकडो कबुतरं येतात, पुण्य लागतं म्हणतात. एका मेंबरचा मुलगा डॉक्टर आहे, तो म्हणतो बंद करा. उन्हाळ्यात पक्ष्यांना उपाशी मारायचं का?

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, आणि पहाटे दीर्घ श्वास घेत फिरणारे ज्येष्ठ नागरिकच तिथे सगळ्यात जास्त असतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढं रान उठलं ते तुम्ही वाचलं असेलच. शिवाय फुकटच्या दाण्यावर कबुतरं वाढतात आणि दयाळ, शिंपी, शिंजीर यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, ते किडे आणि मध खाणारे. उपाशी कुणी मरत नाही.

तुमच्या मनातली कणव खरी आहे, ती पाण्याकडे वळवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणीच हवं असतं. मातीची पसरट परात घ्या, दोन-तीन बोटं पाणी, मध्ये एखादा खडबडीत दगड म्हणजे छोट्या पक्ष्याला आणि मधमाशीला उभं राहता येतं. सावलीत ठेवा, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला खेटून नको. रोज सकाळी पाणी ओतून, घासून, नवीन भरा, नाहीतर डास होतात. ग्रुपमध्ये आठवड्याच्या पाळ्या लावून घ्या आणि ज्वारीचे पैसे साठवून बागेच्या अधिकाऱ्यांना विचारून उंबराचं एक रोप लावा. फळाला यायला काही वर्षं जातील, तोवर ट्री गार्ड आणि उन्हाळ्यात पाणी, दोन्ही तुमच्या ग्रुपकडे.